पुट्टी समजून

"फेकून दे," मुलगी फोनवर म्हणाली.

मी तिला विचारलं होतं, की तुझ्या खोलीतल्या रंगांच्या सामानाचं काय करू. पाऊस ओसरत आला होता आणि घराला आतून रंग देण्याचं काम निघालं होतं. वर्ध्यात आमच्या भागात घरोघरी एखादी खोली मेडिकलच्या मुलींना भाड्याने दिलेली असते. आमची मागची खोली मात्र मुलगी पुण्याला नोकरीसाठी गेल्यापासून नुसती बंद होती. दोघांना एवढं घर काय करायचं, असं ह्यांचं म्हणणं. रंग झाला की दिवाळीनंतर खोली तुमच्या मुलीला देतो, असा शब्दही त्यांनी देवळीकडच्या एका गृहस्थांना देऊन टाकला. ह्यांचं गाव देवळीजवळच, त्यामुळे तिकडून कोणी आलं की ह्यांच्या तोंडून नकार निघत नाही.

मुलगी नागपूरला चित्रकला शिकली. शिकून आल्यावर एक अख्खा उन्हाळा आणि पुढचा पावसाळा त्या मागच्या खोलीत बसून तिने चित्रं काढली. मग पुण्याच्या एका कंपनीत काम लागलं. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं हे ठरवायचं, असं काहीतरी ते काम आहे. ती गेली, आणि गेल्यापासून तिने ब्रश हातात घेतला नाही. का घेतला नाही, ते मला माहीत नाही. भांडण झालं नव्हतं. नोकरी कर म्हणून आम्ही मागे लागलो नव्हतो. विचारलं की म्हणायची, "वेळ नाही गं." पुण्यात गेल्यावर तिचं बोलणं असं गुळगुळीत झालं आहे, त्यामुळे आत काय आहे ते हाताला लागत नाही.

मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. वर्गातल्या मुलीने उदाहरण सोडवलं आहे की अर्ध्यावर सोडून दिलं आहे, हे मला वहीवर एक नजर टाकून कळायचं. आपल्या पोरीचं चित्र काढणं संपलं आहे की नुसतं थांबलं आहे, हे मात्र कशावरूनच कळत नव्हतं, आणि तेवढ्यानेच माझा जीव खाल्ला होता. "फेकून दे" म्हणताना तिचा आवाज कसा होता यावरून आम्हा दोघांत वाद झाला. ह्यांच्या मते आवाज साधा होता. माझ्या मते तो जरा जास्तच साधा होता.

फेकायचं तर फेकायचं, म्हणून मी ती लोखंडी पेटी उघडली आणि तिथेच फसले. पिळवटलेल्या रंगांच्या ट्यूबा, तळाशी चार बोटं उरलेला खळीसारखा घट्ट पेस्टचा डबा, कोळशाच्या कांड्या, तेलखडू, सुतळीचे गुंडे, आरशाचे तुकडे, चमकी, घोटीव कागदांचे कपटे, कधीतरीच्या लग्नातल्या साडीची लेस. जॅमच्या बाटलीत पवनारच्या नदीतली वाळू होती. ती वाळू भरताना मी तिच्यासोबत होते. "कशाला गं ही वाळू?" असं विचारल्यावर ती म्हणाली होती, "रंगात मिसळते." रंगात वाळू मिसळतात हे मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. भाजीत खडा लागला तरी आमच्याकडे ताट बाजूला सारतात.

पेटीतलं अर्धं सामान चांगलं होतं. चांगली वस्तू मी फेकू शकत नाही, तो माझ्या हाताचा दोषच समजा. रात्रीची पोळी सकाळी फोडणीला जाते, जुन्या चादरीच्या पिशव्या होतात. उरलेल्याचं काहीतरी झालंच पाहिजे, बाकी शून्य आली पाहिजे, त्याशिवाय मला बरं वाटत नाही. मी फोनवर शोधलं, तर उरलेलं रंगसामान एकाच कॅनव्हासवर कसं संपवायचं हे दाखवणाऱ्या बायकाच बायका निघाल्या. कागद चिकटवा, वर रंग लावा, सुतळी लावा, मनात येईल ते लावा. चूक काही नसतंच, असं एक बाई हसून हसून सांगत होती. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. चूक काही नसतं, तर बरोबर आलं हे ओळखायचं कसं?

तरी मी बसले. रिकामपण होतं आणि हट्टही होता. खरं सांगायचं तर हे सगळं मी वापरून संपवत होते ते नेमकं कशासाठी, हे माझं मलाच उमगत नव्हतं. कधी वाटायचं, तिचं सामान वाया जाऊ नये म्हणून मी झटते आहे. आणि मध्येच हात थांबायचा. पेटी रिकामी झाली की मग तिला परत यायला इथे राहिलंच काय, असं मनात यायचं. पुन्हा वाटायचं, तीच तर फेक म्हणाली, तुझं काय जातं? मग मी आणखी एक ट्यूब पिळायची.

भिंतीला टेकवून ठेवलेले काही लहान कॅनव्हास होते, त्यांच्यावर आधी हात साफ करून घेतला. एकावर कागदाचे कपटे, एकावर आरसे. फोटो पुण्याला पाठवले. तिकडून एक बदाम आला, लाल. त्या बदामाचा अर्थ मी शेजारच्या वहिनींना विचारला. त्या म्हणाल्या, "मॅडम, बदाम पाठोला म्हंजे चांगलंच हाय न वो." पण त्यांच्या सुनेनेही त्यांना त्याच आठवड्यात तसाच बदाम पाठवला होता, आणि तो भाजीवाल्याच्या पत्त्यासाठी होता.

मोठा कॅनव्हास एकच होता. माझ्या छातीपर्यंत येईल एवढा, कपाटाच्या मागे उभा, भिंतीकडे तोंड करून. बाहेर काढला तर अख्खा पांढरा. पांढरा, पण खडबडीत. कुठे गोल गोल उंचवटे, कुठे ओरखडे, मध्येच सपाट. घरात तेव्हा पेंटरचं काम सुरू होतं. भिंतींना पुट्टी मारलेली, अजून घासायची राहिलेली, सगळीकडे पांढरी भुकटी. त्या भिंतींकडे बघून बघून माझ्या डोळ्यांना तेच दिसायला लागलं होतं. मी ह्यांना म्हटलं, "पोरीने पुट्टी मारून ठेवली आणि घासायची तशीच राहिली बघा."

ह्यांनी बोट फिरवून पाहिलं. "लय खराब मारली," ते म्हणाले. "पेंटरनं अशी मारली असती तं मी त्याले हाकलून देल्लं असतं."

पेंटरचा पॉलिश पेपर उरला होताच. हे अंगणात स्टुलावर बसले, कॅनव्हास मांडीवर आडवा घेतला, आणि दुपारभर घासत राहिले. माणूस निवृत्त झाला की त्याला असं काम मिळालेलं फार आवडतं. संध्याकाळी त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. "हात फिरवून पाह्य," ते म्हणाले, "आता मख्खन झाला." खरंच झाला होता. मी त्यांना खास आलं घालून चहा दिला.

मग त्यावर मी उरलंसुरलं सगळं ओतलं. वाळू, सुतळी, लेस, चमकी. पांढरी मोठी ट्यूब कात्रीने उभी चिरली आणि आतलं जुन्या टूथब्रशने पुसून घेतलं. पेस्टचा डबा उलथण्याने खरवडला. शेवटी पेटीत फक्त पेटी उरली, तेव्हा मला शाळेतल्यासारखं वाटलं, फळा पुसून वर्गाबाहेर पडताना वाटायचं तसं. चित्र कशाचं झालं होतं, ते मला सांगता आलं नसतं. शेजारच्या वहिनी बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. "काय काढलं वो हे, मॅडम?"

"मला तरी कुठे माहीत आहे?" मी म्हटलं.

"पन चमकून चांगलं राह्यलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी वाटीभर साखर नेली.

मोठ्याचा फोटो मी पाठवला नाही. दिवाळीत ती येईल तेव्हा बैठकीत लावलेला दिसू दे, म्हटलं. ती काय म्हणेल याची मी मनात किती तऱ्हांनी तयारी केली! ती हसली तर काय, बदामासारखं "छान" म्हणाली तर काय. तिने "छान" म्हणू नये, एवढंच मला वाटत होतं.

ती आली, बॅग दारातच ठेवली, पाणी प्यायली आणि भिंतीकडे पाहिलं. "मोठा कॅनव्हास विकत आणलास?"

"नाही गं, तुझाच. कपाटामागचा."

ती जवळ गेली. कॅनव्हास भिंतीवरून उतरवून तिने मागची लाकडी चौकट पाहिली. कोपऱ्यात एक खिळा तिरपा ठोकलेला होता, त्याला बोट लावलं. मग मागच्या खोलीत जाऊन कपाटाच्या मागे बघून आली.

"आई, यावर आधी काय होतं?"

"काही नाही. कोराच होता. नुसती पुट्टी मारलेली, तीही ओबडधोबड. बाबांनी घासून साफ केली."

"घासली?"

"पॉलिश पेपरनं," हे कौतुकाने म्हणाले. "म्हटलं, खडबडीत हाय, देऊन देऊ एक हात."

आणि मग पुण्याचं गुळगुळीत बोलणं एका क्षणात गळून पडलं. "बाबा! काऊन घासलं तुमी? कोनं सांगतलं होतं घासाले? पुट्टी नोती ते, चित्र होतं माह्यं!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आम्हाला दोघांनाही एकच प्रश्न पडला होता आणि तो विचारायची हिंमत कोणाला होत नव्हती. अखेर मीच विचारला. "कशाचं चित्र?"

"तुह्या कुरोड्यांचं!"

कुरोड्या म्हणजे कुरडया. आमच्या गच्चीला दर उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही चुना मारून घेतो, खालच्या खोल्या तापू नयेत म्हणून. त्या पांढऱ्या गच्चीवर पांढरं धोतर अंथरायचं, आणि त्यावर गव्हाच्या चिकाच्या पांढऱ्या कुरडया घालायच्या. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे डोळे उघडे ठेवणं कठीण. तो उन्हाळा ती मागच्या खोलीत बसली होती ना, तेव्हा सकाळी मी सोऱ्या दाबायची आणि ती जिन्याच्या पायरीवर बसून बघायची. मदत करायची सोडून नुसतं बघते म्हणून मी तिच्यावर ओरडायची. ती ते बघणं रंगवत होती, हे मला आज कळत होतं.

"मंग सांगाचं न," हे म्हणाले. आवाज पार बसला होता. "पांढऱ्यावर पांढरं कोनाले दिसन, बेटा?"

"तेच तं होतं न, बाबा! त्या उन्हात काही दिसतच नाई. हात लावला तं कळते." मग ती माझ्याकडे वळली. "आई, तुले बी नाई कळलं?"

ते मला लागलं. सगळ्या बोलण्यात तेवढंच लागलं. मी त्या उंचवट्यांवरून हात फिरवला होता. इतक्या वर्षांत किती कुरडया माझ्या हातांनी घातल्या, पालथ्या केल्या, डब्यात रचल्या, आणि माझ्या बोटांना त्या ओळखू आल्या नाहीत. मला रडू येत होतं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी मी इतकी खूश होते, की माझी मलाच लाज वाटत होती. पोरगी चित्रावरून भांडत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, नाक लाल झालं होतं, ती बापावर ओरडत होती, आणि मी मनात म्हणत होते, ओरड, आणखी ओरड. संपलेल्या गोष्टीवरून कोणी इतकं ओरडतं का? की संपलेल्या गोष्टीवरूनच माणूस असं ओरडतं? इथे माझं गणित पुन्हा अडकलं.

त्या दिवशी ती कोणाशी बोलली नाही. ह्यांनी फराळाला हात लावला नाही. आमच्या घरात चकली उरते म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडायला मागच्या खोलीकडे गेले, तर ती जमिनीवर बसलेली. समोर कॅनव्हास आडवा, हातात रंग पसरायची बोथट सुरी. माझी सुतळी, माझी लेस, माझे आरसे ती एकेक करून उचकटत होती. पवनारची वाळू फरशीवर सांडली होती. मी दारातच उभी राहिले. आपण इतकं मन लावून चिकटवलेलं कोणी असं खरवडताना बघणं सोपं नसतं. पण तोंड उघडायला मला जागा कुठे होती?

"इकडे ये," ती म्हणाली. "बोट लाव इथं."

अगदी कोपऱ्यात, चौकटीच्या कडेशी, जिथे ह्यांचा पॉलिश पेपर पोचला नव्हता, तिथे एक उंचवटा राहिला होता. तिने त्यावरची चमकी पुसून काढली होती. मी बोट ठेवलं. बारीक तारा, एकीवर एक, गोल फिरून आत गेलेल्या. शेवटचं टोक वर उचललेलं होतं. सोऱ्या उचलताना माझा हात किंचित झटकतो, त्यामुळे माझ्या प्रत्येक कुरडईचं टोक तसं उभं राहतं. माझ्या सासूबाई त्यावरून मला नावं ठेवायच्या. पोरीने ते टोकसुद्धा काढलं होतं.

"आता काय करणार याचं?" मी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली, आणि खरवडत राहिली. मला जरा बरं वाटलं. निदान आता दोघींनाही माहीत नव्हतं.

थोड्या वेळाने मान वर न करता तिने विचारलं, "पांढरी मोठी ट्यूब होती न पेटीत? आनि उंचवटे काढाच्या पेस्टचा डबा?"

मी केर भरत होते, तशीच वाकून राहिले. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा रंग मागितला होता. आणि तो मी कात्रीने चिरून, टूथब्रशने पुसून, बाकी शून्य करून ठेवला होता.

"संपली," मी म्हटलं. "दोन्ही संपलं."

तिने सुरीचं पातं पुसून ठेवलं. "बरं," ती म्हणाली. हात धुऊन उठली. भाऊबिजेनंतर गाडीत बसेपर्यंत चित्राचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या "बरं"वर मी अजूनही कधी कधी विचार करते. बऱ्याला बरं म्हणतात तसं ते नव्हतं, आणि रागाचंही नव्हतं.

आठवड्याने देवळीकडचे गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन खोली बघायला आले. खोलीत नवा रंग, स्वच्छ फरशी, आणि भिंतीला टेकून तो कॅनव्हास, अर्धा खरवडलेला, डिंकाचे डाग पडलेला, दिसायला पार भिकार. गृहस्थ म्हणाले, "बाकी सगळं चांगलं हाय. हे तेवढं हटवून घेसान न?"

मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात माझ्या मागून हे म्हणाले, "नाई. त्याले हात नाई लावता येत."

देवळीकडच्या माणसाला ह्यांनी नाही म्हटलेलं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. पण दिलेला शब्दही मोडवेना, म्हणून पुढच्याच वाक्यात त्यांनी आमची झोपायची खोली त्या मुलीला देऊन टाकली. मला न विचारता. मुलगी गुणी आहे, लवकर उठते. आम्ही दोघं आता बैठकीत गाद्या घालतो आणि एकमेकांच्या घोरण्याला नावं ठेवतो. मागच्या खोलीत एक कॅनव्हास राहतो. शेजारच्या वहिनींना हे समजावून सांगायला मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा मध्येच थांबले.

थंडी पडल्यावर एक दिवस पार्सल आलं. खोक्यावर बाहेरूनच लिहिलेलं होतं, पांढरा रंग आणि पेस्टचा मोठा डबा. हे खोक्याभोवती फिरत होते, पण लांबूनच. मी पुण्याला फोन लावला.

"पार्सल आलं गं. फोडू का?"

"नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली, की मी फोन कानापासून दूर धरला. "हात लावू नका कोनी. बाबाले तं अजिबात लावू नको देजो." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आई, यंदा कुरोड्या करशील न? मी येतो तवा."

ती गेल्यापासून मी कुरडया केल्याच नव्हत्या. दोन माणसांना विकतच्या पुरतात. बंद का केल्या, असं कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पाठ दुखते. तेही काही खरं कारण नव्हतं. मला खरं कारण माहीत नाही.

"तू ये," मी म्हटलं, "मी गहू भिजवते."

फोन ठेवून मी ह्यांना माळ्यावर चढवलं आणि सोऱ्या खाली काढायला सांगितला.